सेरामपूर कॉलेज: सनद 1827 ची, पहिली पदवी 1915 ची. याला विद्यापीठ म्हणायचं का?

दुधनाकाठ, जालना:

नमस्कार मंडळी. एम.ए. इतिहासाच्या शेवटच्या सत्राला लघुप्रबंध आहे, साधारण 70 पानांचा. मी विषय घेतलाय बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजचा. मिशनऱ्यांनी काढलेली छोटी संस्था, पण स्वतःच्या पदव्या द्यायचा अधिकार असलेली. वाचायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळले. एका लेखात 'भारतातलं पहिलं आधुनिक विद्यापीठ' म्हटलंय, दुसऱ्यात 'कलकत्ता विद्यापीठाचं संलग्न कॉलेज'. स्थापनेचं साल कुठं 1818, कुठं 1827, कुठं 1918, आणि तिन्हीकडं ठासून लिहिलेलं.

याला विद्यापीठ म्हणावं की नाही, आणि कशाच्या आधारावर? शिवाय मार्गदर्शक सरांचं म्हणणं असं, की मराठवाड्यातल्या विद्यार्थिनीनं हा विषय का घ्यावा ते प्रस्तावनेत दोन पानांत पटवून द्या. केरीनं मराठी व्याकरण लिहिलं, एवढ्या एका ओळीवर भागणार नाही. आणि जालन्यात बसून मूळ कागद कितपत बघायला मिळतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दप्तरखाना, लातूर:

ताई, दोन्ही लेख आपापल्या जागी बरोबर आहेत. कॉलेज एकच, पण तिथं पदवी दोन वाटांनी मिळते. कला, विज्ञान, वाणिज्य या पदव्या कलकत्ता विद्यापीठाच्या. थिऑलॉजीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या बी.डी., एम.टीएच. वगैरे पदव्या सेरामपूरची सिनेट, म्हणजे पदव्यांचा कारभार बघणारं मंडळ, देते. देशभरातल्या 50 हून अधिक थिऑलॉजिकल कॉलेजांची पदवी याच सिनेटकडून येते, त्यात पुण्यातलीही आहेत. म्हणजे इमारतीच्या दृष्टीनं ते एक कॉलेज आणि पदवीच्या कागदाच्या दृष्टीनं विद्यापीठ.

हा अधिकार कुठून आला हे बघायला चार कागद ओळीनं ठेवा. तुमच्या प्रबंधाचा कणा तोच आहे.

आधी 1818. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघांनी जुलै महिन्यात कॉलेजचं माहितीपत्रक छापलं. आशियातल्या ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य साहित्य आणि युरोपीय विज्ञान शिकवण्यासाठीचं कॉलेज, असं त्याचं वर्णन. सुरुवातीला 37 विद्यार्थी, त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही. स्थापना धरायची ती ही. तेव्हा पदवीचा अधिकार नव्हता.

पहिला कागद 1827 चा. सेरामपूर तेव्हा इंग्रजांचं नव्हतंच. 1755 पासून ती डेन्मार्कची वसाहत होती, कागदोपत्री नाव फ्रेडरिक्सनगर. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हतं, म्हणून ही मंडळी मुळात डॅनिश झेंड्याखाली येऊन राहिलेली. मार्शमन 1826 साली कोपनहेगनला गेला आणि 23 फेब्रुवारी 1827 ला राजा सहावा फ्रेडरिक यानं सनद दिली. पहिल्या कौन्सिलवर नावं केरी, जोशुआ मार्शमन आणि त्याचा मुलगा जॉन क्लार्क मार्शमन यांची. वॉर्ड 1823 सालीच कॉलऱ्यानं गेला होता, त्यामुळे 'तिघांना सनद मिळाली' असं लिहिताना तिसरा कोण ते तपासा. ही चूक फार ठिकाणी दिसते.

सनदेतलं पदव्यांचं कलम शांतपणे वाचा. अशा इतर कॉलेजांइतक्याच पूर्णपणे पदव्या देता येतील, असं आधी म्हटलंय. लगेच पुढं दोन मर्यादा आहेत. पदवी फक्त 'सायन्स'मध्ये प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना द्यायची, आणि त्या पदवीमुळे राजाच्या मुलखात कुठलाही मानाचा दर्जा किंवा खास हक्क मिळणार नाही. 'कोपनहेगन आणि कील विद्यापीठांच्या बरोबरीचा अधिकार' हे वाक्य सगळे एकमेकांचं बघून उतरवतात. हे कलम न वाचता ते वाक्य प्रबंधात घालू नका. तोंडी परीक्षेत नेमका तिथंच प्रश्न येईल.

दुसरा कागद 1833 ची नियमावली. जात, वर्ण किंवा देश यांमुळे कुणालाही प्रवेश नाकारायचा नाही, असं तिच्यात स्पष्ट आहे. लग्न झालेलं असणं हीसुद्धा कुठल्याही पदाला अडचण नाही. ख्रिस्ती श्रद्धेची अट आहे ती कौन्सिलवर बसणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना, विद्यार्थ्यांना नाही. हा फरक नीट मांडा, कारण 'ख्रिस्ती कॉलेज' म्हटलं की वाचक उलटं समजतो.

तिसरा कागद 1845 चा तह. डेन्मार्कनं सेरामपूर आणि तरंगमबाडी कंपनीला विकलं, किंमत साडेबारा लाख रुपये. गाव विकलं गेलं तर राजाची सनद राहते कुठं? म्हणून तहात खास कलम घातलं: कॉलेजला सनदेनं मिळालेले हक्क पुढं चालू राहतील, जणू ते ब्रिटिश सरकारच्याच सनदेनं मिळालेत, फक्त ब्रिटिश हिंदुस्थानचे सर्वसाधारण कायदे लागू राहतील. हे कलम नसतं तर 1827 ची सनद हा संग्रहालयातला कागद झाला असता.

चौथा, 1918 चा सेरामपूर कॉलेज कायदा, बंगालच्या कायदेमंडळाचा. त्यानं कौन्सिल मोठं केलं आणि वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांची माणसं असलेली सिनेट उभी केली. आज पदवीवर सही होते ती या रचनेतून. म्हणून कुणी 1918 हेच स्थापनेचं साल धरतं.

मधल्या तीन तारखाही लागतील. 1856 ला कॉलेज बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीकडे, म्हणजे या मिशनऱ्यांच्या विलायतेतल्या संस्थेकडे गेलं, 1857 ला कलकत्ता विद्यापीठ निघताच त्याला संलग्न झालं, आणि 1883 ला कलाशाखा बंद करून फक्त ख्रिस्ती प्रशिक्षणाची संस्था उरली. प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी 1910-11 च्या सुमारास ते पुन्हा उभं केलं आणि सनदेखालची पहिली बी.डी. दिली गेली 1915 ला.

आता हिशेब करा. अधिकार 1827 चा, वापर 1915 चा, मध्ये 88 वर्षं. अधिकार असूनही एवढी वर्षं तो का वापरला गेला नाही, हाच तुमचा खरा प्रश्न आहे. 'पहिलं विद्यापीठ की नाही' या वादात 70 पानं घालवू नका, तिथं दोन परिच्छेद पुरेत.

वहीत एक तक्ता आखा, पाच रकान्यांचा: तारीख, कागद, देणारा, काय अधिकार दिला, प्रत्यक्ष वापरला का. शेवटचा रकाना भरताना लेखणी अडते, आणि जिथं अडते तिथं प्रकरण सुरू होतं. आज नोकरीसाठी किंवा पुढच्या प्रवेशासाठी या पदवीचा दर्जा काय, हा वेगळा प्रश्न आहे. तो इतिहासात मिसळू नका.

मोडी_वाचक, नांदेड:

मराठीच्या बाजूबद्दल लिहितो. एका ओळीवर भागणार नाही हे सरांचं म्हणणं रास्त आहे, आणि सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

केरी 1801 पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होता, आधी बंगाली आणि संस्कृत, पुढं मराठीही. कंपनीच्या नव्या अंमलदारांना मराठी शिकवायची तर पुस्तकं हवीत, म्हणून ती सेरामपूरच्या छापखान्यात छापली गेली. 1805 ला मराठी व्याकरण, त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, 1810 ला मराठी-इंग्रजी कोश. मग 1814 ला सिंहासन बत्तिशी, 1815 ला हितोपदेश, 1816 ला प्रतापादित्याचं चरित्र. नागपूरकर भोसल्यांची वंशावळही याच मालेतली. या सगळ्यामागं केरीचा मराठी पंडित होता वैजनाथ शर्मा, मूळचा नागपूरकडचा. सेरामपूरच्या मराठीत पूर्वेकडची छटा दिसते ती त्यामुळे. मुखपृष्ठावर केरीचं नाव असलं तरी आत वैजनाथांची मराठी आहे, हे प्रस्तावनेत ठळक यायलाच पाहिजे.

दोन चुका टाळा. केरीचं व्याकरण हे 'मराठीचं पहिलं छापील व्याकरण' नाही. रोममध्ये 1778 ला पोर्तुगीज भाषेत मराठीचं व्याकरण छापलेलं आहे. केरीचं इंग्रजीतलं पहिलं, असं म्हणा. दुसरी चूक लिपीची. 'सेरामपूरची सगळी मराठी पुस्तकं मोडीत' असं सरसकट लिहितात. व्याकरण आणि शुभवर्तमान देवनागरीत आहे. कोश मोडीत, आणि 1814 पासूनची कथापुस्तकंही मोडीत.

मोडीचे खिळे पाडणं हे देवनागरीपेक्षा अवघड काम. आधी पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो पंच. पंच तांब्यावर ठोकून साचा उठवायचा, ती मॅट्रिक्स. मॅट्रिक्समध्ये शिशाचा मिश्रधातू ओतला की खिळा. देवनागरीत काना-मात्रा वेगळे ठेवून जुळाऱ्याला भागवता येतं. मोडीत हात न उचलता लिहायची रीत, त्यामुळे काना, उकार लागला की अक्षराचं अंगच बदलतं. एकेका अक्षराला चार-पाच वेगळे खिळे लागतात. हे काम पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांच्या घराण्याच्या हातचं. सुरुवातीची अक्षरं पंचाननची, पुढची मनोहरची.

आता तुम्हाला स्वतःचं काहीतरी शोधायचं असेल तर एक जागा दाखवतो. 11 मार्च 1812 ला छापखान्याला मोठी आग लागली. कागद, हस्तलिखितं, अनेक भाषांचे खिळे गेले. पण पंच आणि मॅट्रिक्स ढिगाऱ्याखाली शाबूत सापडल्या आणि वितळलेल्या धातूतूनच पुन्हा खिळे ओतले गेले. कोश आगीच्या आधीचा, सिंहासन बत्तिशी आगीनंतरची. दोन्हींतली तीच दहा अक्षरं शेजारी ठेवून बघा: क, ल, श, ळ, आणि ज्यांना उकार लागलाय अशी. अक्षराचं वळण हुबेहूब तेच असेल तर जुनी मॅट्रिक्स वापरली असं म्हणायला आधार मिळतो. वेगळं असेल तर नवे पंच कोरले. चार पानांचं परिशिष्ट होईल आणि ते तुमचं स्वतःचं असेल.

वाचायला बसाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, त्यामुळे 'दिन' की 'दीन' हे संदर्भावरून ठरवायचं. शब्द तोडून लिहायची सवय नाही, शिरोरेघ सलग जाते. छापील मोडी हातच्या मोडीपेक्षा सोपी, कारण अक्षर दर वेळी तसंच येतं. बाराखडी गिरवून रोज एक पान वाचलं तर तीन-चार आठवड्यांत छापील पुस्तक सरळ वाचता येतं. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे आपल्याकडं मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा काम मिळालंय. तालुक्याच्या ठिकाणी विचारा, शिकवणारं कुणीतरी नक्की भेटतं.

ही पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर चाळा. पीडीएफवर थांबू नका. तिथं चित्र दाबून लहान केलेलं असतं, मोडीच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि 'व' आणि 'ब' कळेनासा होतो. जेपी2 चित्रांची झिप मिळत असेल तर ती घ्या, फाइल मोठी असते पण अक्षर स्वच्छ दिसतं. शोधखिडकीत मराठी शब्द टाकून काही सापडणार नाही, कारण यंत्रानं मोडी वाचलेलीच नसते. पानं उलटावीच लागतात.

दुधनाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. अक्षरांची तुलना नक्की करणार. दप्तरखाना सर, ती 88 वर्षं मनात बसली. अधिकार हातात असताना पदवी का दिली नाही, याची कारणं कुठल्या क्रमानं लावू?

गोदातीर, परभणी:

मी पैशापासून सुरुवात करेन, कारण बाकीची कारणं पैशाला येऊन चिकटतात.

कॉलेजला सरकारी नेमणूक नव्हती. चालत होतं ते तिघांच्या कमाईवर. छापखाना, मार्शमन नवरा-बायकोच्या शाळा, आणि केरीचा फोर्ट विल्यमचा पगार. हा पगार सुरुवातीला महिना 500 रुपये होता, 1807 ला प्राध्यापक झाल्यावर 1000. घरखर्चापुरतं ठेवून उरलेलं सगळं सामाईक थैलीत. वॉर्डनं विलायत आणि अमेरिका फिरून वर्गणी आणली, पण अमेरिकेतल्या देणगीदारांनी अट घातली की पैसा धर्मशिक्षणावरच खर्च व्हावा, विज्ञानावर नको. विज्ञानाशिवाय धर्मोपदेशक तरी कसा घडेल, अशी केरीची तक्रार होती.

मग एकामागून एक धक्के. 1827 ला, म्हणजे सनद मिळाली त्याच वर्षी, विलायतेतल्या बॅप्टिस्ट सोसायटीशी फारकत झाली. मालमत्ता कुणाच्या नावावर आणि हुकूम कुणाचा, हा वाद. 1830 ते 1833 मध्ये कलकत्त्यातल्या मोठ्या एजन्सी पेढ्या, म्हणजे ठेवी घेणाऱ्या व्यापारी कंपन्या, बुडाल्या, आणि सेरामपूरचा ठेवीतला पैसा त्यांत अडकलेला होता. त्याच काळात फोर्ट विल्यममधलं प्राध्यापकपद मोडीत निघालं आणि केरीचा पगार थांबला. 9 जून 1834 ला केरी गेला, डिसेंबर 1837 ला मार्शमन. सोसायटीशी समेट झाला तो मार्शमनच्या अखेरच्या दिवसांत. म्हणजे नियमावली छापून चार वर्षं होतात न होतात तोच सनदेतल्या तिघांपैकी दोघे नाहीत, आणि तिजोरी रिकामी.

दुसरं कारण भाषेचं. सेरामपूरची कल्पना अशी होती की मुलानं आधी आपली भाषा आणि संस्कृत पक्कं करावं, विज्ञानही आपल्या भाषेत शिकावं, आणि इंग्रजी निवडक विद्यार्थ्यांना. 1821 ला आलेला जॉन मॅक तिथं रसायनशास्त्र शिकवायचा. त्यानं 1834 ला 'किमिया विद्यार सार' हे रसायनशास्त्राचं पुस्तक बंगालीत छापलं. पण तोवर वारं फिरलं होतं. 1830 ला अलेक्झांडर डफनं कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची शाळा काढली आणि तिथं मुलांची रीघ लागली. 1835 ला इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं मेकॉलेचं टिपण आलं. 1844 ला हार्डिंजच्या ठरावानं सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना आधी घ्यायचं ठरलं. घरच्यांनी मुलाला कुठं पाठवायचं हे तिथंच ठरून गेलं.

आणि तिसरं कारण दप्तरखाना यांनी सांगितलेल्या कलमातच आहे. पदवीला दर्जा नाही, हक्क नाही, मग ती घेऊन विद्यार्थ्यानं जायचं कुठं? 1857 नंतर शेजारी कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. उभी राहिली, जिच्यावर कारकुनी, वकिली, मास्तरकी मिळत होती. सनदेची पदवी द्यायला कुणी मनाई केली नव्हती, ती मागायलाच कुणी आलं नाही. 1915 ला ती कामाला आली, कारण थिऑलॉजीची पदवी कलकत्ता विद्यापीठ देत नव्हतं. तिथं सेरामपूरला कुणाशी स्पर्धा नव्हती.

क्रम असा लावा: पैसा, माणसं, भाषा, बाजार. 'मिशनऱ्यांची दूरदृष्टी' हे प्रकरणाचं नाव ठेवायचा मोह होतो. तसं करू नका, त्यात ही चारही कारणं झाकली जातात.

शिकस्ता, औरंगपुरा:

सगळे बंगालात रमलेत, म्हणून मराठवाड्याच्या बाजूनं थोडं. तुमच्या सरांना हवी असलेली दोन पानं इथं सापडतील.

1918 हेच साल आपल्यासाठीही मोठं आहे. त्या वर्षी सेरामपूरचा कायदा झाला आणि त्याच वर्षी निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. मराठवाड्यातली पोरं ज्या विद्यापीठाखाली शिकली ते हेच. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तसा जोडूही नका. पण प्रश्न एकच आहे: आधुनिक विज्ञान देशी भाषेत शिकवायचं तर पुस्तकं आणायची कुठून? मॅकनं एकट्यानं बंगालीत रसायनशास्त्र लिहिलं. उस्मानियानं 1917 ला आधी भाषांतर विभाग काढला, दारुल तर्जुमा, आणि मग विद्यापीठ. त्या विभागाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचं ठाणं त्यांनी औरंगाबादेत आणलं होतं, आणि पुढं इथल्या कॉलेजचे ते प्राचार्यही होते. ते कॉलेज म्हणजे 1923 ला निघालेलं इंटरमीजिएट, आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय.

एक फरकही दाखवा. सेरामपूरनं निदान आसपासच्या लोकांची बंगाली घेतली. मराठवाड्यात मातृभाषा मराठी आणि उच्च शिक्षण उर्दूत. त्यामुळे 'देशी भाषा' हा शब्द दोन्हीकडं एकाच अर्थानं वापरता येत नाही. 1948 नंतर उस्मानियाही इंग्रजीकडं वळलं. मग 1950 ला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादेत निघालं, तेच मिलिंद, आणि 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ. म्हणजे सेरामपूरची सनद आणि आपलं स्वतःचं विद्यापीठ यांत 131 वर्षांचं अंतर.

तुम्ही जालन्याच्या आहात तर बेथेलचा उल्लेख करा. नारायण शेषाद्री, 1843 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, स्कॉटिश मिशनचे, यांनी जालन्याजवळ ती वस्ती वसवली. जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात हैदराबाद सरकारकडून मिळालेली. दोन ओळी पुरेत, पण त्यानं एक गोष्ट दिसते: इथं मिशनचं काम शाळा, दवाखाना आणि वस्ती या वाटेनं गेलं, सेरामपूरला ते छापखाना आणि पदवी या वाटेनं.

दप्तरखाना:

शिकस्ता यांचा मुद्दा उत्तम आहे, तो प्रस्तावनेतच घ्या.

एक शब्द जपून वापरा. प्रबंधात 'चर्चनं स्थापन केलेलं' म्हणू नका. 1818 ला कॉलेज काढलं ते तीन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी, स्वतःच्या जबाबदारीवर. सोसायटीकडं ते 38 वर्षांनी गेलं. अनेक चर्चांचा एकत्रित सहभाग 1918 च्या सिनेटपासून. 'मिशनऱ्यांनी स्थापन केलेलं, पुढं चर्चांनी चालवलेलं' हे नेमकं. तुलनेला महाराष्ट्रातली संस्था हवी असेल तर पुण्याचं स्पायसर घ्या. अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची संस्था, 1915 ला कोइमतूरला सुरू झालेली, आणि 2014 च्या राज्य कायद्यानं विद्यापीठ झालेली. तिथं चर्च आधीपासून आहे आणि विद्यापीठाचा अधिकार शेवटी आलाय, सेरामपूरला नेमकं उलटं. अहमदनगर कॉलेज, नागपूरचं हिस्लॉप, मुंबईचं विल्सन यांची तुलना करू नका. ती मिशनच्या परंपरेतली असली तरी विद्यापीठाला संलग्न कॉलेजं आहेत, पदवीचा स्वतःचा अधिकार त्यांना सनदेनं मिळालेला नाही.

मोडी_वाचक:

नावाचा घोळ राहिला. 'श्रीरामपूर' टाकलं की आपल्याकडच्या सूचीत नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर येतं, साखर कारखान्यांसकट. मराठी वाङ्मयेतिहासात 'सिरामपूर' असंही लिहिलेलं असतं. इंग्रजी सूचीत स्पेलिंग तीन-चार तऱ्हांचं आणि डॅनिश कागदात फ्रेडरिक्सनगर. शोधताना सगळी रूपं टाका आणि प्रबंधात पहिल्या पानावर सांगून एकच रूप शेवटपर्यंत ठेवा.

तसंच 'दिग्दर्शन' आणि 'दर्पण'. सेरामपूरहून एप्रिल 1818 ला 'दिग्दर्शन' मासिक आणि मे 1818 ला 'समाचार दर्पण' हे बंगालीत निघालं. बाळशास्त्री जांभेकरांचं मराठी 'दर्पण' 1832 चं आणि 'दिग्दर्शन' 1840 चं. नावं जुळतात म्हणून टिपांमध्ये सरमिसळ होते. दर वेळी गाव आणि साल जोडून लिहा.

गोदातीर:

मूळ कागदांचं सांगतो. तीन ठिकाणी विखुरलेत. कॉलेजच्या आवारातलं केरी ग्रंथालय आणि संशोधन केंद्र, ऑक्सफर्डच्या रीजेंट्स पार्क कॉलेजातली अँगस लायब्ररी, जिथं बॅप्टिस्ट सोसायटीचं दप्तर आहे, आणि कोपनहेगनचं डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागार. एम.ए. ला पहिलं पुरतं. मार्शमनच्या मुलानं 1859 ला लिहिलेलं केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांचं दोन खंडांचं चरित्र इंटरनेटवर मिळतं, ते घरीच वाचून जा. मात्र तो स्वतः कौन्सिलचा सदस्य होता. सोसायटीशी झालेल्या भांडणाची हकिकत त्याच्या बाजूची आहे असं धरूनच टिपणं काढा.

जायचं तर जालन्याहून मनमाड किंवा भुसावळ गाठून हावड्याची गाडी. नांदेडहून संत्रागाछीला साप्ताहिक गाडी आहे, संत्रागाछी हावड्याच्या अलीकडंच. हावड्याहून बंडेलकडं जाणारी लोकल, साधारण 20 किलोमीटर, स्टेशनचं नाव श्रीरामपूर. कॉलेज हुगळीच्या काठावर, पलीकडच्या तीरावर बराकपूर.

निघायच्या महिनाभर आधी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र ईमेलनं पाठवा. त्यात 'सेरामपूरचा इतिहास' असं मोघम लिहू नका. 'नियमावली 1833, कौन्सिलची इतिवृत्तं, 1805 ते 1816 ची मराठी छापील पुस्तकं' असं नेमकं मागा. मोघम मागितलं की ग्रंथपालांना काय काढून ठेवायचं ते कळत नाही आणि पहिला दिवस सूची चाळण्यात जातो. दुर्गापूजेच्या आसपास जाऊ नका, ग्रंथालयं बंद असतात. पावसाळ्यात जुन्या कागदाला दमट हवा सोसत नाही, काही बाडं उघडायला देत नाहीत. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरं.

फोटोची परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद, पानावर हात ठेवायचा नाही. प्रत्येक बाडाचा पहिला फोटो त्याच्या चिठ्ठीचा किंवा क्रमांकाचा घ्या, मग पानांचे. संध्याकाळी मुक्कामावर फाइलींना बाड क्रमांक आणि पान क्रमांक अशी नावं देऊन टाका, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. घरी आल्यावर 400 फोटोंतलं कुठलं पान कशातलं हे जुळवता येत नाही आणि पान क्रमांकाशिवाय तळटीप देता येत नाही. मोडीच्या पानांजवळ एक छोटी पट्टी ठेवून फोटो घ्या. आगीच्या आधीची आणि नंतरची अक्षरं मोजून ताडायची असतील तर माप लागेल.

दुधनाकाठ:

सगळ्यांचे आभार. मथळा बदलून 'सनद ते सिनेट: सेरामपूर कॉलेजचा पदवी-अधिकार, 1827 ते 1918' असा करून सरांना दाखवते. 1810 च्या कोशाची झिप उतरवून घेतली आहे. पहिल्या दहा पानांतला 'ळ' कापून ठेवलाय, आता सिंहासन बत्तिशीतला शोधते.